खरे पंधरा

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून मी गुणवत्ता प्रभारी. पुन्हा एकदा लिहिते, म्हणजे माझा मलाच विश्वास बसेल. दीपमाला खोब्रागडे, गुणवत्ता प्रभारी. सकाळपर्यंत मी बिलं टाईप करणारी आणि गोडाऊनची किल्ली सांभाळणारी होते, डिप्लोमा घरी ट्रंकेत.

झालं असं की मुंबईच्या जहाजदुरुस्ती कंपनीचा मेल आला. ९ ऑक्टोबरला त्यांचा ऑडिटर येणार. आमची यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली कार्यशाळा म्हणजे एक शेड, दोन लेथ आणि मालक जफरभाई धरून पाच माणसं. आधी राजूरच्या खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपांचे व्हॉल्व आम्ही दुरुस्त करायचो. मग जफरभाईंचा मामेभाऊ, जो मुंबईला गोदीत आहे, त्यानं जहाजांचे व्हॉल्व पाठवायला सुरुवात केली. आता ऑडिटमध्ये पास झालो तर कंपनीच्या मंजूर यादीत नाव आणि तीन वर्षं काम. नापास झालो तर व्हॉल्व बंद. राजूरचं काम तर आधीच आटलंय, म्हणजे शेडला कुलूप. जफरभाईंनी हे हसत हसत सांगितलं, पण चहा बशीत ओतला आणि प्यायचा विसरले.

गंमत म्हणजे आमच्यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नाही. आमचे फिटर उकंडाजी म्हणाले, "मी बेंबळा धरण पाह्यलं ना. त्यालेबी लाटा येते."

घरी आईला सांगितलं. तिनं विचारलं, "म्हंजे आता तू कोणाले रागावू शकते काय?" म्हटलं, सगळ्यांना. ती म्हणाली, "ते तर तू आधीबी रागावतच होती."

४ सप्टेंबर, गुरुवार

फाईलसाठी मोजमापाच्या सगळ्या हत्यारांचे फोटो काढले. प्रत्येकाची नागपूरच्या लॅबमधून तपासणी झालेली आहे, त्यावर हिरवा गोल स्टिकर आहे, त्यावर तारीख आहे. काय झकास दिसतं! वरच्या फळीवरून प्रेशर गेजची पेटी काढताना हातातून निसटली आणि पायाशी पडली. काच शाबूत, काटा शून्यावर, स्टिकरला ओरखडा नाही. बरं झालं. कोणी पाहिलंही नाही, उकंडाजी भिंतीकडे तोंड करून चहा पीत होते. पेटी पुसली, फोटो काढला, विषय संपला.

उकंडाजींचं काय करावं कळत नाही. तीस वर्षं व्हॉल्व खोलून राहिलेत, मान्य. पण माणूस महा हेकट! मी बेचाळीस पानांची कार्यपद्धती लिहिली, तर म्हणे, "बेचाळीस पानं? व्हॉल्वाले तर आठच बोल्ट हाय." जफरभाई मात्र प्रत्येक पानावर मान डोलावतात. इंग्रजी त्यांना एवढंच येतं की मान कधी डोलवायची ते कळतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

भांडण झालं. लिहून काढते, नाहीतर जेवण जाणार नाही.

मुंबईला जायच्या सहा व्हॉल्वांची पाण्याची चाचणी होती. चाचणी अशी असते : व्हॉल्वचं तोंड बंद करायचं, आत पाणी भरायचं, हातपंपानं पंधरा किलोपर्यंत दाब चढवायचा आणि दहा मिनिटं काटा हलतो का ते पाहायचं. पहिल्याच व्हॉल्वला उकंडाजी थांबले. म्हणाले, "बाई, हे घड्याळ खोटं बोलून राह्यलं." गेजला ते घड्याळ म्हणतात.

"काहून?"

"पंधराले दांडा जड लागते. हात भरून येते. आज हलकाच लागून राह्यला."

मी स्टिकर दाखवला. जानेवारीत तपासलंय, पुढच्या जानेवारीपर्यंत वैध. "उकंडाजी, तुमचा हात कोणत्या लॅबमधून तपासून आणला?"

"राजूरच्या खाणीतून, जी."

सगळे हसले. आमचा लेथवाला मारोतराव इतका हसला की पाना खाली पडला. मला राग आला तो आलाच. काटा सतराला न्यायला निघाले होते, मी ठणकावून सांगितलं, पंधरा म्हणजे पंधरा, कागदावर पंधरा आहे. "हो जी," म्हणाले, फार गरिबासारखे. मी ऑफिसात येऊन बसले तर पंपाचे आणखी दोन झटके ऐकू आले. मग प्रत्येक व्हॉल्वला तसेच, जास्तीचे दोन झटके. कुठंतरी पाणी झिरपत असेल म्हणून भरून घेत असतील. विचारायला गेले नाही, माझा पण काही मान आहे.

सहाही व्हॉल्व पास. रजिस्टरमध्ये सहा वेळा पंधरा लिहिलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

शहरात देवीची गर्दी इतकी की बसस्टँडवरून घरी यायला दीड तास लागला. यवतमाळात नवरात्रात गाडी चालवायची म्हणजे गाडी ढकलायची.

शेडची अवस्था पाहून डोकं फिरलं. मारोतरावच्या लेथवर तीन वर्षांची कॅलेंडरं, ड्रिलवर कोण्या हिरॉईनचा फोटो, पंख्यावर लिंबाच्या लोणच्याचं लेबल. ते तिथं कसं गेलं ते कोणालाच माहीत नाही. ऑडिटर म्हणजे कोणी ढेरपोट्या पानखाऊ साहेब असणार, पण डोळे तर असतील त्याला! मी सूचना टाईप करून दारावर लावली. माझ्या मते फारच चांगली जमली आहे :

"कार्यशाळेत कोणत्याही यंत्रावर, हत्यारावर किंवा भिंतीवर जुना, मळका कागद अथवा स्टिकर चिकटलेला दिसता कामा नये. दिसल्यास संबंधितास जबाबदार धरण्यात येईल. — दीपमाला खोब्रागडे, गुणवत्ता प्रभारी."

जफरभाईंनी मान डोलावली. ही तर मराठीत होती.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्यापासून दोन दिवस सुट्टी. आई आणि मी दीक्षाभूमीला चाललो, दरवर्षीसारखे. इकडे उद्या खंडेनवमी, शेडमध्ये हत्यारांची पूजा असते. जफरभाई स्वतः पेढे आणतात, नारळ मारोतराव फोडतो. मारोतरावला सांगून ठेवलं, सगळं चकाचक पाहिजे, ऑडिटला नऊ दिवस उरलेत. तो म्हणाला, "म्याडम, तुम्ही आल्यावर वळखनार नाही." चांगला माणूस आहे. सांगितलं की करतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ओळखलं नाही!

शेड आरशासारखी. कॅलेंडरं गेली, हिरॉईन गेली, लोणचं गेलं. आणि टेबलावर ओळीनं मांडलेली माझी मोजमापाची हत्यारं, प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट, प्रत्येकापुढे झेंडूचं फूल. मायक्रोमीटरच्या जबड्यात तांदळाचा दाणा. आणि हिरवे स्टिकर? एकही नाही. रॉकेल लावून, ब्लेडनं खरवडून, वर तेलाचा हात फिरवलेला. जानेवारीची तारीख, लॅबचं नाव, सही, सगळं साफ.

मी ओरडले. किती ओरडले ते इथं लिहीत नाही. मारोतराव बिचारा उभा राहिला, म्हणाला, "पर म्याडम, तुमीच तं दारावर..." मी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. इतका निष्काळजीपणा! स्टिकर नसलेलं हत्यार म्हणजे न तपासलेलं हत्यार, ऑडिटर पहिल्या पाच मिनिटांत घरी जाईल.

जफरभाई म्हणाले, "बेटा, टेन्शन नको घेऊ. गावात दहा दुकानं आहे स्टिकर छापनारे. हिरवाच पाह्यजे ना?"

खरं लिहिते. एक मिनिट मी रंगाचा विचार केला. कोणता हिरवा होता तोही आठवला. मग स्वतःचीच लाज वाटली. गुणवत्ता प्रभारी म्हणून पहिलं काम काय, तर खोटे स्टिकर? उद्या सगळी हत्यारं घेऊन नागपूरच्या लॅबमध्ये जाते. शनिवारी उघडी असते, हातापाया पडेन.

४ ऑक्टोबर, शनिवार

हातापाया पडले. लॅबवाल्यानं दिवसभरात सगळं तपासून दिलं. मायक्रोमीटर ठीक (तांदूळ त्यानेही पाहिला, काही बोलला नाही). व्हर्निअर ठीक.

प्रेशर गेज नापास.

शून्यावर बरोबर, पण वर चढताना वाहवत जातं. गेजवर पंधरा दिसतात तेव्हा खरा दाब तेराच असतो. लॅबवाला म्हणाला, "कुठंतरी मार बसलाय. जानेवारीत तर एकदम ठीक होतं." बसमध्ये पेटी मांडीवर ठेवून आले. नागपूरपासून घरापर्यंत एकच विचार. उकंडाजी खरं सांगत होते आणि मी त्यांच्या हाताचं सर्टिफिकेट मागत होते.

५ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी असून सगळे शेडवर. हिशेब असा : जानेवारीपासून बावीस व्हॉल्व गेले. गेज कधी बिघडलं ते माहीत नाही, म्हणजे बावीसच्या बावीस संशयित. त्यातले कितीतरी जहाजांवर बसून निघून गेलेत, कोणत्या देशाच्या पाण्यात आहेत कोण जाणे. ते सगळे उतरवून परत मागवायचे म्हटल्यावर कंपनी आपल्याला यादीत कशाला घेईल? दारात उभं करणार नाही.

जफरभाई म्हणाले, "ऑडिट झाल्यावर सांगू. झूठ थोडंच बोलून राह्यलो आपण? देर से बोलतो, बस."

मला ते पटलं. हो, पटलं. भीती वाटली की सगळंच पटतं.

उकंडाजी बाकावर बसून होते. म्हणाले, "राजूरले आम्ही व्हॉल्व बसवत होतो तं खाली शिफ्टचे पोट्टे असे. पानी भरलं तं ते कोठी जाईन? जहाजाच्या पोटातबी माणसंच असते ना, जफरभाई."

 जफरभाईंनी फोन उचलून माझ्या हातात दिला. "बोल. तूच प्रभारी."

मी बोलले. सगळं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, ऑडिट ठरल्या दिवशी होईल, गेज कधी बिघडलं याचा पुरावा तयार ठेवा.

पुरावा कुठून आणू? सगळ्यांना विचारलं, गेज कधी पडलं का, आपटलं का. मारोतराव नाही म्हणाला. पिंटू, आमचा दुसरा लेथवाला, आईची शपथ घ्यायला निघाला. मला तर काहीच आठवत नाही. उकंडाजी माझ्याकडे पाहत म्हणाले, "मी सांगू काय?"

"सांगा ना!"

 "जाऊ द्या," म्हणाले आणि बिडी प्यायला बाहेर गेले. म्हातारपण, दुसरं काय.

८ ऑक्टोबर, बुधवार

फाईल सतरा वेळा वाचली. जफरभाईंनी ऑडिटरसाठी नऊ नंबरचे सेफ्टी बूट आणले. आई म्हणाली, जे हाय ते सांगून मोकळी हो. ही डायरी बॅगेतच ठेवते, उद्या मधे वेळ मिळाला तर शेडवरच लिहीन.

९ ऑक्टोबर, गुरुवार

झालं. संध्याकाळ आहे, घरी आहे, आईनं समोर झुणका-भाकर ठेवली आहे आणि ती निवते आहे. आधी हे लिहून घेते.

साहेब आलेच नाहीत. एक मॅडम आल्या, पाच फुटांच्या आत, केस पांढरे, स्वतःचे बूट स्वतःच्या पिशवीत. नऊ नंबरचे बूट जफरभाईंनी पायानं हळूच टेबलाखाली सरकवले.

फाईल त्यांनी पाहिली, बेचाळीस पानांपैकी तीन वाचली. मग विचारलं, "स्टिकर का निघाले? तुमच्या कारण-मीमांसेत लिहिलंय, 'कामगाराचा निष्काळजीपणा'."

"हो मॅडम."

"कामगारानं का काढले?"

"साफसफाई म्हणून."

"साफसफाईत स्टिकर का काढले?"

मी मारोतरावकडे पाहिलं. तो दाराकडे गेला, माझी सूचना काढून आणली आणि मॅडमपुढे ठेवली. त्यांनी मोठ्यानं वाचली. "कोणत्याही हत्यारावर... स्टिकर चिकटलेला दिसता कामा नये. संबंधितास जबाबदार धरण्यात येईल." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "संबंधित कोण?"

बापा रे! जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पिंटू तोंडात रुमाल धरून लेथमागे गेला. पंधरा दिवस ती सूचना माझ्या नजरेसमोर होती, रोज दारातून जाताना पाहत होते, आणि रोज म्हणत होते, काय झकास जमली आहे. मारोतराव त्या दिवशी तेच सांगत होता. मी फाईलमधलं कारण खोडलं आणि लिहिलं, "सूचना चुकीची. चूक प्रभारीची." मग सर्वांसमोर मारोतरावची माफी मागितली. तो इतका गोंधळला की तोही माझी माफी मागू लागला.

पण खरा प्रश्न पुढेच होता. "गेज कधी बिघडलं? तारीख मिळाली नाही तर मला बावीसही परत मागवायला लागतील. तुम्हाला याचा अर्थ माहीत आहे."

माहीत होता. जफरभाई खाली पाहत होते. मॅडम फाईल चाळत गेजच्या फोटोवर थांबल्या. फोटोच्या कोपऱ्यात तारीख होती. "चार सप्टेंबर. हा फोटो कोणी काढला?"

"मी."

"गेज कुठं असतं एरवी?"

"वरच्या फळीवर..." म्हटलं आणि तोंड तसंच उघडं राहिलं. पेटी. पायाशी. निसटली होती! कशी विसरले? विसरले कसली, विषय संपला म्हणून मीच पुसून टाकला होता, पेटीसारखा.

मागे उकंडाजींनी घसा खाकरला, काही बोलायला. मी हात केला, थांबा म्हणून. बॅगेतून ही डायरी काढली. म्हटलं, "मॅडम, माझ्या हातून पडलं. चार सप्टेंबरलाच. इथं लिहिलेलं आहे."

त्यांनी हात पुढे केला नाही. म्हणाल्या, "खाजगी आहे, तुम्हीच वाचा. पण गाळू नका. गाळलेला पुरावा मला चालत नाही."

आणि मी वाचलं. पेटी निसटली ते. कोणी पाहिलं नाही ते. त्याच्या खालचं, उकंडाजी महा हेकट, तेही. जफरभाईंची मान आणि इंग्रजी, तेही. जफरभाई सवयीनं मान डोलावत होते, अर्ध्यात थांबले. मॅडमनी विचारलं, "त्यानंतर किती व्हॉल्व तपासले?" सहा, फक्त सहा, सगळे बारा तारखेला. म्हणाल्या, तेही पान वाचा. वाचलं. दांडा हलका, राजूरची खाण, सतराला जाणारा काटा, मी ठणकावलेलं. आणि शेवटी : "पंपाचे आणखी दोन झटके ऐकू आले. मग प्रत्येक व्हॉल्वला तसेच."

 मॅडम उकंडाजींकडे वळल्या. "काका, दोन झटके कशाला?"

उकंडाजींनी हात पुसले. "बाईनं पंधरा म्हटलं होतं, जी. मी पंधराच देल्ले. खरे पंधरा."

मला रडूच आलं. सगळ्यांसमोर, ऑडिटरसमोर, भोकाड नाही पण डोळे वाहायला लागले. मॅडम म्हणाल्या, "काकांचा हात मला रिपोर्टात लिहिता येत नाही. सहा व्हॉल्व मुंबईत पुन्हा तपासू. बाकी सोळा राहू द्या." मग दोन्ही पानांचे मोबाईलवर फोटो काढले; तेव्हा पुढचं चोवीस तारखेचं पान उघडं पडलं, ते मी झटकन उलटलं. निघताना विचारलं, "चोवीस तारखेला काही नोंद आहे का माझ्याबद्दल? तुम्ही पान फार पटकन उलटलंत." ढेरपोट्या पानखाऊ! मी म्हटलं, मॅडम, ते गेजशी संबंधित नाही. त्या हसल्या, जफरभाईंच्या बायकोच्या, सुग्राबी भाभींच्या हातची बिर्याणी डब्यात घेऊन गेल्या.

भाकर दगड झाली. आता जेवते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पास! सहाही व्हॉल्व मुंबईत खऱ्या पंधराला टिकले, एक थेंब नाही. दोन त्रुटी दाखवल्यात, दोन्हींपुढे माझं नाव. मंजूर यादीत आमच्या शेडचं नाव आहे, आणि पुराव्याच्या रकान्यात लिहिलंय, "प्रभारींची दैनंदिनी, दोन पाने." जफरभाईंनी मेल तीनदा वाचायला लावला आणि एकदाही मान डोलावली नाही, नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बेटा, दिवाळीले सगळ्यायले समुद्र दाखवतो." पिंटू आत्तापासून पोहण्याच्या गोष्टी करतोय, त्याला पोहता येत नाही.

मी सोमवारी एक नवी वही दोरीनं फळीला बांधली होती. नाव 'पडझड वही'. ज्याच्या हातून जे पडेल, आपटेल, त्यानं तारीख आणि नाव लिहायचं, रागावणार कोणी नाही. पहिली नोंद माझी, ४ सप्टेंबरची. वाटलं, दुसरी कोण करणार? पण मंगळवारी मारोतरावनं मायक्रोमीटरमधला तांदूळ लिहिला. पिंटूनं दोन वर्षांपूर्वीचा पाना कबूल केला. जफरभाईंनी हिंदीत लिहिलं की व्हर्निअर एकदा त्यांच्या स्कूटरखाली आलं होतं आणि त्यांनी तेव्हा मांजरावर ढकललं.

आज संध्याकाळी कुलूप लावताना वही उघडली. शेवटची नोंद पेन्सिलीनं, मोठ्या गोल अक्षरात :

"४ सप्टेंबर. बाईच्या हातून पेटी पडली ते मी पाह्यलं. पोरगी नवी हाय म्हणून बोललो नाही, दोन झटके जास्त मारले. बोलायले पाह्यजे होतं. — उकंडा."

बाहेर उकंडाजी सायकलला पिशवी अडकवत होते. मी वही घेऊनच गेले. विचारलं, "उकंडाजी, तुम्ही तर भिंतीकडे तोंड करून चहा पीत होते ना?"

"हो जी," म्हणाले, "पण कान तं मोकळेच होते. मागं वळलो तं तुम्ही पेटी पुसून राह्यल्या होत्या."

मग आम्ही दोघंही हसलो, आणि उद्या सकाळी नवं गेज लावायचं असं ठरवून ते घराच्या रस्त्यानं निघाले.